जुना पाळना नवा दिसाले लागला

पोट्टी सात महिन्याची होती तवाची गोष्ट. आमी डेपोच्या लाइनीत राहत होतो. सरकारी लाकडाच्या डेपोले लागून टिनाच्या पाच खोल्या होत्या, त्यातली शेवटची आमची. नवरा तिथी रोजंदारीवर चौकीदार होता, सहा वर्सं झाले होते त्याले, अन् त्याच साली त्याचे कायम होयाचे कागद वर गेले होते. कागद वर गेले म्हनजे मानसानं खोकलाई दबून खोकला पायजे, असं तो म्हने. मले तं तसंई सगळ्याचंच भेव वाटे. सातवी झाली अन् शाळा सुटली, अठराव्या साली लग्न, एकोनिसाव्या साली पोट्टी. भेवाले मधात जागाच भेटली नाई का कमी होवावं.

एके दिवशी सकाळी मी अंथरून गुंडाळलं तं गोधडीखालून मन्यार निंगाली. काळी, अंगावर पांढऱ्या बारीक रेघा. पोट्टी त्याच गोधडीवर झोपली होती, मी तिले उचलून आत्ताच चुलीपाशी बसवली होती. नवऱ्यानं मारली अन् काठीवर टाकून नेली. मी होती तिथीच बसून राह्यली. दिवसभर दूध उतरलं नाई. पोट्टी रडे, मले रडूई येत नव्हतं.

म्हनून पाळना पायजे होता. झोळी बांधाले वर आढं नव्हतं, पाइपावर टिन टाकलेलं अन् पाइप जंगलेले, झोळी बांधली तं टिनच खाली यायचं. माहेरी, आरमोरीकडे, एक जुना पाळना होता, चुलीवरच्या माळ्यावर उलटा टाकून ठेवलेला. माहा बाप त्यात झोपला, त्याच्या बहिनी झोपल्या, आमी भावंडं झोपलो. दोन खांब, वर आडवा दांडा, अन् मधात लोखंडी कड्यावर झुलता पेटारा. त्याले कुठी टांगा लागत नाई, जमिनीवर आपल्या पायानं उभा राहते. मी पत्र टाकलं अन् आठ दिवसात भावानं बसच्या टपावर टाकून पाठवूनई देल्ला. रस्त्यात लाकूड तपासाचा नाका लागते, तिथी कोनी वरते पायलंई नाई. पाहाजोगं होतंच काय. काळं कुट्ट, धुराची बोटभर काजळी, तळाची फळी दिमकीनं खाल्लेली, एका बाजूचे तीन गज तुटलेले, दांडा खांबाच्या भोकात खडखड हाले.

डोक्याकडच्या फळीवर एक खड्डा होता, बशीएवढा. तिथी आंधी गनपती कोरलेला होता म्हनते. आमच्या लोकानं दीक्षा घेतली त्या साली आज्यानं घरातले देव नदीत सोडले, अन् हा काही सोडता येईना म्हनून पटाशी घेऊन छाटून काढला. पटाशीचे दात तसेच राह्यले होते. लहानपनी आमी त्या खड्ड्यात बोट फिरवत झोपो.

डेपोच्या मांगच्या गावात एक म्हातारा वाढई होता, म्हनजे सुतार. डोयात मोतीबिंदू उतरलेला, पन हात चांगले. नवरा त्याले हाताले धरून घेऊन आला. त्यानं पाळना पायला नाई, चाचपला. बोटानं सगळीकडे फिरून आला जसं कोनी तापलेल्या लेकराचं अंग पायते.

"सागच हाय," म्हनते. "अन् चांगल्या हाताचा हाय. आता असा सांधा कोन करते? खिळे ठोकते अन् म्हनते झालं."

"बाबा, तुमी करून द्याल का?"

"मले दिसते का माय? तू कर, मी सांगतो."

"मले कुठी येते?"

"भाकर येते ना? मंग येईन."

तो रोज सकाळी येऊन ओट्यावर बसे. मी पोट्टीले पाठीवर बांधून काम करो. त्यानं पयलेच सांगतलं होतं का सागाचा तुकडा यात नवा घालाचा नाई, डेपोच्या दारात बसून तं बिलकूल नाई. त्याच्या धानाच्या बांधीच्या पाळीवर शिवनीचं झाड पडलं होतं, त्याची फळी अन् तीन गज त्यानं आनले. शिवन पांढरट असते, हलकी, तिच्यावर कोनाची नजर नसते. फळी बसवली, गज बसवले. मंग दांड्याचं काम निंगालं. दांडा उपसला तवा भोकाच्या आतून लुगड्याच्या काठाची एक चिंधी निंगाली, तेलकट, काळी, कोना आजीनं दाबून भरलेली असन. वाढईबाबा म्हने, फेकू नोको, तीच घाल परत. मी चिकटवाले सरस कढवला, लय घान वास येते त्याले, चिंधी त्यात बुडवली, दांडा बसवला, बाजूनं बारीक पाचर ठोकली. हालनं बंद झालं.

"आता राखेच्या पान्यानं काजळी धुऊन टाक," बाबा म्हने, "अन् जवसाचं तेल दे. लाकूड घासू नोको."

"हा खड्डा घासून काढू का?"

"काहाले?"

"खराब दिसते ना बाबा."

"मानसाच्या तोंडावरचा जुन्या घावाचा वन कोनी खरडून काढते का? त्याच्यावरून तं वळख राहते."

मी हो म्हनली. मंग दोन दिवस तो आला नाई, त्याच्या घरी धान काढनं होतं.

राखेनं धुतलं तं काजळी गेली, पन खाली चिकट काळं राह्यलं. कंदिलाची फुटकी काच होती घरी. बाबानंच दाखवलं होतं का काचेची धार लाकडावर तिरपी ओढली का कागदासारखा पापुद्रा निंगते. मी एका कोपऱ्यात ओढून पायली. काळ्याखालून जे लाकूड निंगालं ते नव्या तुपासारखं. मले मालूमच नव्हतं का तो पाळना असा हाय. आमी सगळे जन काळ्यातच झोपलो होतो. मंग काच चालली का हात थांबत नाई. एक गज, दुसरा गज, खांब, दांडा. डोक्याकडची फळी आली तं वाटलं, सगळं इतकं छान अन् हा खड्डा मधात? इथीच पोट्टीचं डोकं राहीन. दोन्ही दिवस त्यातच गेले, खड्ड्याच्या कडा खरवडत गेली, खरवडत गेली, अन् ते फळी कटोरीसारखी गोल उतरती झाली, जशी पयलेपासून तशीच केली असन. पटाशीचे दात गेले. शिवनीचे गज पांढरे उठून दिसत म्हनून पानातला कात पान्यात कालवून त्याहिले लावला. मंग सगळ्यावर जवसाचं तेल. अन् वाळाले म्हनून ओट्यावर ठेवला, समोरच.

बाजूच्या खोलीतल्या बाईनं पायला. तिचा नवरा डेपोत माप घ्यायच्या कामावर होता. कमरेवर हात ठेवून उभी राह्यली.

"काऊन वो, नवा पाळना?"

"नवा नाई बाई, माह्या माहेरचा हाय. जुना."

"हो का? तुह्या माहेरचं लाकूड लय ताजं हाय वो!" म्हनते. "आमच्या घरातलं बेलनंई बाजारातून आनलेलं हाय बाई. आमाले नाई असं डेपोतलं गोड लागत."

मी हासली. मले समजलंच नाई ती काय बोलून गेली. मले वाटलं जळते.

नवरा ड्युटीवरून आला, ओट्याखाली उभा राह्यला अन् वर चढलाच नाई.

"हे काय केलं?"

"घासला."

"हे तं काल कापल्यासारखं दिसून राह्यलं."

मी पायलं. तवा मले दिसलं. आमच्या भागात साग घरात ठेवनं सोपं नाई. ज्याच्यावर जंगलखात्याच्या हातोड्याचा शिक्का नाई अन् ज्याची वाहतुकीची पास नाई, तो साग चोरीचा. जुन्या वस्तूले कोनी इचारत नाई, कारन ते जुनी दिसते. काळेपनाच त्याची पास होता, अन् खड्डा त्याचा शिक्का. दोन्ही मीच काढून टाकले होते. अन् डेपोच्या चौकीदाराच्या ओट्यावर ताजा साग दिसला तं कुठून आनला हे कोनी इचारत नाई, समोरच लाकडाच्या थप्प्या लागल्या असते.

"आत घे," नवरा म्हने. आत घेतला. खोलीत तेलाचा वास भरला.

"काळा कर परत."

"कसा?"

"चुलीवर धर."

"तेल लागलं हाय, धूर बसत नाई. जळन."

"जळू दे. मी सांगतो जाळून टाक. माहे कागद वर गेले हाय, तुले समजते का?"

"मंग पोट्टी कुठी झोपन?"

त्यानं कोपऱ्यात पायलं जिथी मन्यार निंगाली होती, अन् बाहेर जाऊन बसला. जाळाले तो उठला नाई अन् मीबी नाई. तीन दिवस पाळना आत होता, वर चादर टाकलेली, अन् पोट्टीले आमी त्यात टाकलीच नाई. का टाकली नाई ते सांगता येत नाई. जसं तिले टाकलं का पाळना आमचा झाला असता अन् मंग पकडलो गेलो असतो. ती मांडीवर झोपे, मी बसून डुलक्या घेवो.

चौथ्या दिवशी सकाळी नाकेदार आला. नाकेदार म्हनजे जंगलाचा शिपाई, आमच्याकडे सगळे असंच म्हनते. नवऱ्याच्या वळखीचाच, रोज डेपोत येनारा, पन त्या दिवशी टोपी घालून आला.

"तक्रार आली, भाऊ," तो नवऱ्याले म्हने. "आमच्या राऊंड साहेबानं मले पाठवलं. पाळना हाय म्हनते."

नवऱ्यानं स्वतःच चादर काढली. त्याचे हात मांगे होते, कोनी बांधल्यासारखे. मले काही सुचलं नाई तं मी चुलीवर चहाचं पानी ठेवलं.

नाकेदारानं नखानं खरडलं, वास घेतला, वाकून खालून पायलं. कात लावलेल्या गजावर थुंक लावून बोट फिरवलं तं बोट लाल झालं.

"हे गज शिवनीचे. रंगवले काऊन?"

"पांढरे दिसत होते," मी म्हनली.

"अन् हे साग."

"जुना हाय साहेब. माह्या बापाच्या आंधीचा."

"तुनं म्हनावं अन् मी लिहावं का, बाई? याच्यावर जुनं काय हाय ते दाखव."

"इथी खड्डा होता. आज्यानं छाटला होता."

त्यानं फळीवर हात फिरवला. "कुठी हाय?"

"मी घासून काढला."

"काऊन?"

"खराब दिसे."

तो माह्याकडे पाहून राह्यला. मंग नवऱ्याकडे पायलं. "चोरलं असतं तं तुह्या बायकोनं काळं फासलं असतं," म्हनते. "पन हे काई कागदावर येत नाई." अन् खाली बसून वही काढली. बाजूची बाई दारात येऊन उभी होती, तिचे डोये असे जसे सिनेमाच पाहून राह्यली. सहा वर्सं, मले वाटलं. एका खड्ड्यासाठी.

कोनं दुरुस्त केला ते इचारलं नाकेदारानं, अन् नवरा वाढईबाबाले आनाले पळाला. तेवढ्या वेळात पेन चालत होता. मले त्याचं लिहिनं दिसे, उलटं, मी एकएक अक्षर लावून वाचत होती. 'सागवान' वाचता आलं. त्याच्या मांगे पुढे काय हाय ते वाचाच्या आंधीच दांड्यातली चिंधी मले आठवली. हुशारी नाई होती ते. भेवानं डोकं जिकडे तिकडे धावते तसं तिकडे गेलं. बाहेरून सगळं घासलं होतं, पन भोकाच्या आत माही काच पोचलीच नव्हती.

चहाचं पानी उकळलं होतं. मी पोट्टीले नाकेदाराच्या मांडीवर देल्ली, देल्लीच, त्याले इचारलं नाई, गंज, म्हनजे चहाचं पातेलं, उचलला अन् दांड्याच्या सांध्यावर ते पानी ओतलं. सरस गरम पान्यानं सुटते.

"अवो बाई! हे काय?"

"थांबा साहेब. पाच मिनिट."

"चहा कोन पेईन?" दारातली बाई म्हने.

पानी खाली गेलं, दारातून ओट्यावर वाहलं, सरसाचा वास सुटला. पोट्टी नाकेदाराच्या टोपीचा पट्टा ओढून राह्यली होती. मी दुसऱ्यांदा ओतलं. मुसळ घेतलं अन् दांड्याले बाजूनं ठोकलं. नाई हालला. तवा वाढईबाबा आला, नवऱ्याच्या हाताले धरून, अन् वास घेऊनच त्याले समजलं.

"पाचर काढ पयले, पोरी. पाचर. मंग ठोक. जोर नोको लावू, सांधा आपूनच सोडीन."

मी पाचर काढली, ठोकलं. दोनदा. दांडा निंगाला.

दांड्याचं तोंड काळं होतं, अन् घासून घासून गोल झालेलं, जुन्या हाडासारखं. चौकोनी केलेलं असन कवातरी. भोकाच्या आत तेलाची पापडी, चिंधीचे धागे, अन् खालच्या बाजूनं लाकूड खाल्लेलं, दांडा जितका हालत होता तितकंच. नाकेदारानं पोट्टीले नवऱ्याजवळ देल्लं, टोपी काढली अन् भोकात बोट घातलं. मंग बाबाचं बोट घातलं. बाबा हासला.

"हे भोक माह्याहून मोठं हाय साहेब. वयानं."

"लाकूड नवं आनता येते," नाकेदार म्हने, "जुनं भोक कुठून आनते?"

त्यानं लिहिलेलं पान फाडलं नाई, तिथी पान फाडता येत नाई म्हने, खालीच पुढं लिहिलं. जुना सागवानी पाळना एक, सांधा उघडून पायला, आत घसारा जुना. पंच दोन पायजे होते. एक वाढईबाबा. दुसरं कोन, म्हनून त्यानं दारात पायलं.

"या बाई, तुमी होत्याच इथी. अंगठा मारा."

"मी काहाले? मले काय मालूम?"

"तुमाले तं सगळ्यात पयले मालूम झालं होतं," नाकेदार म्हने.

तिनं अंगठा मारला अन् लुगड्याले पुसला. माह्याकडे पायलं नाई. नंतर महिना दोन महिने तिनं बोलनं सोडलं, मंग तिचं मीठ संपलं अन् आली.

जाताना नाकेदार नवऱ्याले बाजूले घेऊन म्हने, "भाऊ, हा सांधा आता चिकटवू नोको. राऊंड साहेब येईन, रेंजर येईन, कोनी इचारलं का उघडून दाखव. दरवेळी पानी ओतत बसशीन का?"

म्हनून तो सांधा आमी चिकटवला नाई. दांडा भोकात ठेवून सुताच्या दोरीनं बांधला, चार वेढे अन् गाठ. बाकी सगळं पक्कं अन् तेवढं एक खडखडे. वाढईबाबाले ते पटलं नाई, अर्धं काम लोक पाहीन तं माहं नाव घेईन म्हने, पन त्यालेई नौकरी समजत होती. पोट्टीले त्याच दिवशी पाळन्यात टाकली. ती झोपली. मी बाजूले बसून दांड्याच्या गाठीकडे पाहत राह्यली, सुटते का म्हनून. मन्यारीचं भेव कमी झालं अन् गाठीचं लागलं.

राऊंड साहेब आला होता एकदा. नवऱ्यानं दोरी सोडली, त्यानं उभ्याउभ्याच पायलं अन् हो हो केलं. रेंजर कवा आलाच नाई.

त्यानंतरच्या दुसऱ्या उन्हाळ्यात नवरा कायम झाला. कागद खाली आला तवा त्यानं मले दोनदा वाचून दाखवला, मंग मीच हातात घेऊन वाचला, हळूहळू. मुलचेऱ्याकडच्या डेपोवर बदली होती. सामान ट्रकमधी भरलं, पाळना सगळ्यात वर. दुसरं लेकरू पोटात होतं. मी पुढे डायवरजवळ बसली होती, पोट्टी मांडीवर, अन् नाकेदारानं देल्लेली पंचनाम्याची नक्कल चोळीत.

नाक्यावर ट्रक थांबला. आडवा बांबू होता अन् एक मानूस बाकावर बसून शेंगा खात होता. नवरा कागद घेऊन उतरला नाई तोच मी पोट्टीले सीटवर ठेवून उतरली, मांगे गेली, चाकावर पाय देऊन वर चढली, इतकं पोट घेऊन, अन् पाळन्याची दोरी सोडाले लागली.

"अवो, काय करून राह्यली?" नवरा खालून ओरडला. "उतर!"

"सांधा दाखवतो," मी म्हनली.

"त्यानं मांगतला का?"

दांडा निंगालाच होता. मी तो वर धरला, त्याचं काळं तोंड त्या मानसाकडे करून, अन् दुसऱ्या हातानं चोळीतला कागद काढला. "साहेब, हा जुना हाय. भोक पाहून घ्या."

तो मानूस शेंगा खातच राह्यला. "कोनं इचारलं तुले बाई?" म्हनते. अन् बांबू वर केला.

डायवरनं गाडी चालू केली, मांगून बस हार्न वाजवून राह्यली होती. नवरा म्हने लवकर, लवकर. मले दांडा भोकात बसवता येईना, दोरी कुठी खाली गेली सामानात. तसाच घेऊन उतरली. मुलचेऱ्यापर्यंत तो दांडा माह्या मांडीवर आडवा होता, पोट्टीच्या पायाखाली, एक टोक खिडकीबाहेर. डायवर दोनदा म्हने का आत घ्या बाई, झाडाले लागन. मी आत घेतला नाई. आत घेतला असता तं पोट्टीले लागला असता.